तीन हजार बाय तीन हजार

माझा हात दहा बाय वीसचा.
वाढदिवस, निवड, शुभविवाह, भावपूर्ण श्रद्धांजली.
माणूस गेला की फोटोतला रंग काढायचा,
बाकी फाईल तीच.

सुगत ताकसांडे आला तेव्हा दुपारची लाइन गेली होती.
वणी-घुग्गुस रोडवरच्या वजनकाट्यावर असतो तो,
रात्रपाळीला कोळशाचे ट्रक मोजतो.
म्हणाला, "ताई, अल्बम काढून रायलो. कव्हर पायजे.
चौकोनी. तीन हजार बाय तीन हजार."
"फूट?"
तो हसला. बंद दुकानात दातांपुरता उजेड पडला.

मोबाईलवर दाखवली त्यानं लांबच्या देशातली कव्हरं.
एकावर सोन्याची अक्षरं, पुरीसारखी फुगलेली.
एकावर भिंत, भिंतीपुढे दहा-बारा पोरं,
कॅमेऱ्यानं उसने पैसे मागितल्यासारखी बघणारी.
एक नुसतं काळं,
आणि खाली कोपऱ्यात आईबापांसाठी इशाऱ्याचं लेबल.
ते लेबल त्याला पाहिजेच होतं.
"शिव्या आहेत का?"
"दोन. त्यातली एक तं रस्त्यालेच देल्ली."

मग म्हणाला चेन टाक, आग टाक, ताडोब्याचा वाघ टाक.
माझ्याकडे सगळंच होतं.
आग एका नगरसेवकाची, वाघ त्याच्या विरोधकाचा,
चेन भोयरभाऊंच्या साळ्याच्या गळ्यातून कापलेली.
लावलं.
खाली "शुभेच्छुक" लिहायचं तेवढं राहिलं.

"आता नखाएवढं करून दाखव," तो म्हणाला,
"लोकं तेवढंच पाह्यतेत."
केलं.
वाघाचं मांजर झालं, मांजराचा डाग.
वीस फुटांवरून दिसावं म्हणून शिकले होते मी,
नखावर उभं राहायला कोणी शिकवलंच नव्हतं.

अक्षरांसाठी रहेमत पेंटरकडे गेलो.
ट्रकांचे मागचे फाळके त्यांनी रंगवलेले, आता हात कापतो.
मोबाईल उलटासुलटा करून म्हणाले,
"यात ब्रश टेकवायचा कुठं?"
मग खडूनं फरशीवर एकच "नि" काढला,
वेलांटी अशी, की खाली बसलेल्याला सावली मिळावी.
"सावली उजवीकडं, खाली.
सूर्य कुठं का असेना."

अ‍ॅडव्हान्सचे तीनशे काढताना
त्याच्या खिशातून काट्याची पावती पडली.
भरलेलं वजन, रिकामं वजन, निव्वळ वजन.
वेळ रात्रीचे दोन सत्तेचाळीस.
मागच्या बाजूला बॉलपेननं गाणं.
तेव्हा कळलं याच्या ओळी एवढ्या आखूड का.
कागद तेवढाच रुंद.

वाघ काढला. आग विझवली.
पावती स्कॅन केली, चुरगळ्यांसकट,
कडेवरच्या कोळशाच्या अंगठ्यासकट.
गाडीचा नंबर खोडला, नाहीतर त्याची नोकरी जाते.
मागे काळं ठेवलं. छापील काळं नव्हे,
आमच्या खिडकीच्या गजावर बोट फिरवलं की येतं ते.
वर रहेमतचाचांचं "निव्वळ",
खडूच्या भुकटीसकट, फरशीवरून उचललेलं.
लेबल कोपऱ्यात राहू दिलं.
नखाएवढं केलं.
काळ्यावर एक पांढरी पट्टी. बस.
सुगत काही बोलला नाही,
लाइट आल्यावर पंखा फिरेस्तोवर बघत बसला.

एका ड्रायव्हरनं पाहिलं आणि म्हणाला,
"हे पावती खोटी हाय, चाळीस किलो कमी दिसते."
भोयरभाऊंनी विचारलं बिल कसं फाडायचं,
भाव चौरस फुटाचा, अन् याला फूटच नाहीत.

अल्बम आला त्या रात्री मी काट्यावर गेले.
ट्रक नव्हते. काटा वीस-वीस किलोनं सरकतो.
मोबाईल घेऊन सुगत मधोमध उभा राहिला. साठ.
मोबाईल माझ्या हातात देऊन उभा राहिला. साठ.
"पाह्य," तो म्हणाला,
जणू काही सिद्ध झालं होतं.
पुढच्या कव्हरसाठी मी त्याचा तसाच एक फोटो काढला.
आला नाही. आकडाच तेवढा आला, लाल.